पहिल्या भेटीतला खाऊ

आज संध्याकाळी कुणीतरी कुणाला तरी पहिल्यांदाच भेटायला निघालं असेल. सोबत काय न्यावं? मला विचाराल, तर चॉकलेटची एक लहानशी वडी. सोनेरी रिबिनीची मोठी पेटी नको. तिच्यामुळे पहिल्याच भेटीत समोरच्याला परतफेडीचं ओझं वाटतं. लहान वडी कॉफी येईपर्यंत दोघांत मोडून खाता येते.

घेताना वेष्टनाची मागची बाजू जरूर वाचा. चॉकलेटमधला स्निग्धांश कोको बटरचा आहे ना, ते बघा. कोको बटर साधारण ३४ अंश सेल्सिअसला वितळतं आणि आपलं शरीर असतं ३७ अंशांच्या आसपास, म्हणून चांगलं चॉकलेट जिभेवर ठेवताच विरघळतं. त्याच्या जागी दुसरी वनस्पतिजन्य चरबी वापरली, की बरेचदा टाळूला मेणासारखा थर चिकटून राहतो.

कोको बटर असं लवकर वितळतं, म्हणूनच एप्रिल-मेच्या उन्हात ती वडी स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. वितळून पुन्हा घट्ट झालेल्या चॉकलेटवर पांढुरके डाग येतात. ती बुरशी नव्हे, वर आलेला स्निग्धांश. पण देताना मन खट्टू होतंच.

आणि आधी एक विचारून घ्या: शेंगदाणे, काजू, बदाम चालतात ना? काहींच्या जिवावर त्यांची ॲलर्जी बेतते. संकष्टी असेल, तर उपवास आहे का, हेही विचारा. ही विचारपूस मला त्या चॉकलेटइतकीच गोड वाटते. उपवास असलाच, तर वडी पर्समध्ये जाईल आणि रात्री चंद्रोदयानंतर, जेवण झाल्यावर, घरी उघडली जाईल.