पाहण्याचा अधिकार

येत्या हिवाळ्यात आम्ही उभयता प्रथमच इजिप्तला जाण्याच्या विचारात आहोत. बेलूरच्या घरी सहलीचा कार्यक्रम चाळताना एका ओळीपाशी थबकलो : राजांच्या ममींचे दर्शन. २०२१ साली समारंभपूर्वक कैरोच्या नव्या संग्रहालयात हलविलेले हे बावीस राजदेह.

ज्यांनी कायमच्या अंधाराची इच्छा धरली, त्यांना तिकीट काढून न्याहाळण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? अभ्यासकाचे पाहणे ज्ञानासाठी असते, हे मान्य. माझे केवळ कुतूहलापोटी. घरच्या मृताचे असे प्रदर्शन आपण सोसू काय?

त्याच देशात अलेक्झांड्रियाच्या पश्चिमेस, अल् अलामीन येथे, दुसऱ्या महायुद्धात इजिप्त व लिबियात दहन झालेल्या सहाशेहून अधिक सैनिकांचे स्मारक आहे. आपल्या शेजारच्या बेळगावात केंद्र असलेल्या मराठा पलटणीचे जवानही १९४२ साली लिबियातील टोब्रुकला लढले होते. या स्मारकावर नावे आहेत, आणि ती वाचली जावीत म्हणूनच कोरलेली आहेत. सहलीच्या कार्यक्रमात मात्र हे स्थळ नाही.

ममींचे दालन टाळून अल् अलामीनसाठी एक दिवस मागून घ्यावा, असे मी ठरविले आहे. सौ.ला मात्र राजे पाहावयाचे आहेत. तिला अडविण्याचा अधिकार मला नाही, हेही तितकेच खरे.