साठ दिवसांत वीस वर्षे

नकाशा वाचण्याची विद्या आपल्याला कोणी शिकवत नाही, आणि तरीही शहरात राहणाऱ्या माणसाच्या आयुष्यात तो वाचण्याचा दिवस कधी ना कधी उगवतोच. १४ मे २०२५ रोजी पिंपरी-चिंचवड महापालिकेने शहराचा सुधारित प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध केला, तेव्हा तो दिवस लक्षावधी लोकांवर एकदम आला. अशा नकाशासमोर उभ्या राहिलेल्या माणसांची बोटे मी नेहमी निरखत आलो आहे. ती प्रथम ओळखीचे काही शोधतात, एखादे देऊळ, ओढा, शाळा, रेल्वेचे फाटक. तेथून रस्त्यारस्त्याने सरकत आपल्या गट नंबरापर्यंत येतात आणि थबकतात. आरक्षण पडले की वाचलो, रस्ता अंगणातून गेला की कडेने, एवढेच त्या क्षणी कळायला हवे असते. बाकीचे शहर, त्याच्या बागा, शाळा, दवाखाने, स्मशाने, त्या बोटाच्या कक्षेबाहेर राहतात. यात स्वार्थ पाहणे मला अन्यायाचे वाटते. ज्याने आयुष्याची कमाई अर्ध्या गुंठ्यात ओतली, त्याचे विश्व त्या क्षणी अर्ध्या गुंठ्याएवढेच असणार.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना अधिनियम १९६६चा. त्याच्या चौकटीत विकास आराखडा साधारण वीस वर्षांसाठी आखला जातो, आणि तो कायम होण्यापूर्वी नागरिकांकडून हरकती व सूचना मागवल्या जातात. या वेळी मुदत साठ दिवसांची होती. १४ जुलैपर्यंत पन्नास हजारांच्या आसपास हरकती जमा झाल्या. मार्च २०२२मध्ये नगरसेवकांची मुदत संपली होती आणि कारभार प्रशासकाच्या हाती होता, म्हणजे नागरिक आणि नकाशा यांच्यामध्ये उभे राहणारे, प्रभागातल्या गल्ल्या ओळखणारे कोणी निवडून आलेले माणूसही त्या साठ दिवसांत नव्हते. वीस वर्षे हा काळ सामान्य माणसाला चांगला ठाऊक असतो, कारण घराचे कर्जही बहुधा तेवढ्याच मुदतीचे असते. ज्याने वीस वर्षांचे हप्ते मान्य करून सही केली, त्याने या शहराच्या भवितव्याविषयीचे आपले मत आधीच आयुष्याच्या किमतीवर नोंदवलेले आहे. त्याला विचारायला हवे होते, आणि कायद्याने विचारलेही, ही लहान गोष्ट नाही. पण वीस वर्षांविषयीचा प्रश्न साठ दिवसांत विचारला की उत्तर भयातून येते, आणि भयाला कल्पना करायला सवड नसते.

त्या पन्नास हजारांच्या पलीकडे एक हरकत अशी होती, की तिचे वय आराखड्याहून कितीतरी मोठे होते. मोशी परिसरात कत्तलखान्यासाठी जागा आरक्षित झाल्याचे कळले, आणि आळंदी-देहूच्या वारकऱ्यांतून विरोध उमटला. जूनमध्ये, माउलींच्या पालखीच्या प्रस्थानाच्या सुमारास, हे आरक्षण रद्द होईल असे मुख्यमंत्र्यांनी जाहीर केले. या निर्णयाच्या गुणदोषांत मी येथे शिरत नाही. माझे मन गुंतते ते आवाज ऐकू जाण्याच्या रीतीत. एकट्याने दिलेला अर्ज आवक-जावकाच्या नोंदीत एक क्रमांक होऊन बसतो. शतकानुशतके एकत्र चालत आलेल्यांचा आवाज मात्र मुदतीच्या आतच पोहोचतो, कारण एकत्र येण्याचे काम त्यांच्या पूर्वजांनी केव्हाच करून ठेवलेले असते.

आणि वारी हे तरी दुसरे काय आहे? दीर्घकालीन नियोजनाचे इतके पक्व रूप मला अन्यत्र क्वचित आढळले. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात ज्ञानेश्वरांच्या पालखीला जी शिस्त घालून दिली, तिच्यात दिंड्यांचा क्रम ठरलेला, मुक्काम ठरलेले, मान ठरलेले. आणि या सगळ्या ठरलेपणाच्या मध्यभागी तक्रारीसाठी राखलेली एक जागा. संध्याकाळी मुक्कामावर समाज आरतीसाठी दिंड्या जमतात, चोपदार दंड उंचावतो आणि क्षणात टाळ-मृदंग शांत होतात. ज्या दिंडीला काही सांगायचे असेल, ती मात्र टाळ वाजवीतच राहते. त्या आवाजाच्या दिशेने चोपदार जातो, गाऱ्हाणे ऐकतो, त्याचा निवाडा होतो किंवा निवाड्याचे आश्वासन मिळते, मग आरती होते. मला या व्यवस्थेतली दोन अंगे विलक्षण वाटतात. ज्याला ऐकायचे तो चालत जातो, बोलणाऱ्याला रांगेत उभे राहावे लागत नाही. आणि हे रोज घडते, त्यामुळे कोणतेही गाऱ्हाणे एका दिवसाहून मोठे होण्याआधीच त्याला कान मिळतो. दरवर्षी तुकोबांची पालखी देहूहून निघून आकुर्डीला मुक्काम करते, म्हणजे ज्या शहराने नागरिकांना साठ दिवस दिले, त्याच शहराच्या रस्त्यांवरून हे चालते ज्ञान दर आषाढीला पुढे जात असते.

या परिसराला काळाची सवय जुनी आहे. मोरया गोसावींचे चिंचवड पवनेकाठी, तुकोबांचे देहू आणि ज्ञानदेवांची आळंदी इंद्रायणीकाठी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या छावणीने पिंपरीची वस्ती घडवली, १९५४मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात औद्योगिक वसाहत पसरली, १९७०मध्ये नगरपालिका आणि १९८२मध्ये महापालिका झाली. मध्ये १९७२मध्ये नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले, आणि ज्यांच्या जमिनी त्यासाठी घेतल्या गेल्या त्यांतल्या अनेकांनी परताव्याच्या साडेबारा टक्के जमिनीची वाट पाहता पाहता पुढची पिढी वाढवली. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सतरा लाखांवर गेली होती. ज्याचे पूर्वज येथे शेती करत होते आणि जो गेल्या वर्षी येथे भाड्याने राहायला आला, ते दोघेही आज एकाच नळावर अवलंबून आहेत.

नदीचे नियोजनही याच भूमीवर चालते, पण तिची वर्षे निराळी. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा म्हणजे निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची म्हणजे लाल. आराखड्याची वीस वर्षे या दोन्हींहून तोकडी. आराखडा प्रसिद्ध झाल्यानंतर तिसऱ्याच दिवशी, १७ मे २०२५ला, चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले छत्तीस बंगले न्यायालयीन आदेशानुसार पाडले गेले. त्या भिंतींत राहणाऱ्यांचे दुःख खरे होते. नदीचे पात्रही तितकेच खरे होते. कोणत्या साली पाणी कोणत्या वडापर्यंत आले, कोणत्या बांधावर गुरे उभी राहिली, हे त्या काठच्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक असते, आणि प्लॉट पाडले जात असताना त्यांना कोणी ते विचारलेले नसते. सहभागाची चर्चा करताना आपण बहुधा माणसांच्या इच्छा गोळा करण्याविषयी बोलतो. मला अधिक मोलाची वाटते ती त्यांची स्मृती, कारण इच्छा बदलते, पण पाण्याची आठवण पिढ्यांनी पडताळलेली असते.

पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नियोजनकाराची येथे आठवण होते. १९१९मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग त्याने सुरू केला आणि घुर्यांसारख्या विद्यार्थ्याला हेरले, हे आपल्याकडे माहीत असते; त्याआधी होळकरांच्या इंदूरमध्ये त्याने काय केले ते फार सांगितले जात नाही. शहर प्लेगने ग्रासलेले होते. गेडिसने दिवाळीत एक मिरवणूक योजिली, तिच्यात शेतीचे वैभव होते, घाणीच्या राक्षसाची आणि प्लेगच्या उंदराची प्रतिमा होती. आणि मिरवणूक कोणत्या रस्त्यांवरून जाईल हे, लोकांनी कोणते रस्ते सर्वांत स्वच्छ केले त्यावर ठरणार होते. नियोजनाचा अहवाल १९१८मध्ये दरबाराला सादर झाला, पण ज्या गल्ल्यांतून तो चालत फिरला होता, तेथल्या लोकांनी आपल्या शहराचा विचार त्याआधीच हातात झाडू घेऊन केला होता. जुन्या वस्त्या सरसकट पाडण्याला त्याचा विरोध होता, आणि हा विरोध त्याला पायांनी शिकवला होता असे मला वाटते.

आपल्याकडचाच एक दाखला घ्यायचा तर आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी आरमारासाठी लागणाऱ्या लाकडाविषयी जी दक्षता सांगितली ती पाहावी. रयतेने दीर्घकाळ जतन करून वाढवलेली झाडे मालकाला राजी करून, किंमत देऊन मगच तोडावीत, बलात्काराने नव्हे, हा तिचा आशय. राज्याला आरमार हवे होते, निकडही होती. तरी ज्याच्या आयुष्याची वर्षे त्या खोडात साठली आहेत त्याची संमती त्या निकडीच्या आधी येते.

९ ऑगस्ट २०११ या दिवसाकडे मी या संदर्भात पुन्हा पुन्हा वळतो. पवना धरणातून शहरापर्यंत बंद जलवाहिनी नेण्याच्या योजनेला मावळातल्या शेतकऱ्यांचा विरोध होता. द्रुतगती महामार्गावर बऊरजवळ आंदोलन झाले, पोलिसांचा गोळीबार झाला आणि तीन शेतकरी मृत्युमुखी पडले, त्यांत एक स्त्री होती. पुढे प्रकल्पाचे काम थांबले. शहराला पाणी हवे होते ही गोष्ट खोटी नव्हती. पण वाढत्या शहराचा आराखडा शहराच्या हद्दीवर संपत नाही, तो धरणाच्या भिंतीपर्यंत पोहोचतो, आणि त्या वाटेवरच्या गावांतल्या माणसांची बोटे कोणत्याही नकाशावर फिरलेली नसतात. त्यांच्या हरकतीसाठी साठ दिवसही राखून ठेवलेले नव्हते.

चाकणच्या औद्योगिक पट्ट्याकडे पाहिले की हा विचार अधिक व्याकूळ करतो. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने २०२१मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रारूप आराखड्यात हा पट्टाही होता. साठ हजारांहून अधिक हरकती आल्या, सुनावण्या झाल्या, आणि २०२५मध्ये तो आराखडाच रद्द झाला. त्यातल्या प्रत्येक अर्जामागे कोणाची तरी रजा, कोणाची तरी झेरॉक्सच्या दुकानातली दुपार, तालुक्याची खेप होती. आराखडा रद्द होणे योग्यही असेल. पण त्या अर्जांतले गावांविषयीचे ज्ञान, जुने रस्ते, पाणंदी, विहिरी, त्यांचे काय झाले? नव्याने आखायला बसणाऱ्याच्या टेबलावर ते प्रथम यायला हवेत, एवढी तरी त्या श्रमांची बूज राखली पाहिजे.

चाकणला महापालिका व्हावी, असेही २०२५च्या ऑगस्टमध्ये तेव्हाच्या उपमुख्यमंत्र्यांनी तेथेच बोलून दाखवले होते. ऑक्टोबरमध्ये वाहतूककोंडीने त्रासलेले लोक महानगर प्रदेश प्राधिकरणाच्या आकुर्डीतल्या कार्यालयावर चालत गेले. त्या कोंडीत रोज उभ्या असणाऱ्या कंपनीच्या बसगाड्यांत मराठवाड्यातले, विदर्भातले, बिहारचे, उत्तर प्रदेशचे तरुण असतात. महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडीच्या चाळींतल्या खोल्यांत ते तिघे-चौघे मिळून राहतात. महापालिकांच्या कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आहे, पण ती मतदारांची सभा. या तरुणांची नावे बहुधा गावाकडच्या यादीत आहेत, आणि त्यांच्याकडे हरकत नोंदवायला गट नंबरही नाही. तरीही पुढची वीस वर्षे या पट्ट्यात सर्वाधिक काळ घालवणारे तेच आहेत. महापालिकेची पहिली रेषा आखली जाण्यापूर्वी, शिफ्ट सुटण्याच्या वेळी, कंपनीच्या फाटकाबाहेर आणि चाळींच्या अंगणात, मराठीत आणि हिंदीतही, कोणीतरी चालत जाऊन त्यांना विचारले पाहिजे की रात्री कामावरून परतताना कोणत्या वळणावर दिवा नाही, आजारी पडल्यावर ते कोठे जातात, आणि बायकोमुलांना येथे आणायचे ठरवले तर त्यांना कोणती शाळा जवळ हवी आहे.