सोडवणाऱ्याचा हक्क

“शेत सावकाराकडं पडून होतं, तेव्हा हे सगळे कुठं होते?” जमिनीच्या दाव्यांत थोरल्या भावाच्या तोंडी हे वाक्य हमखास येते. धाकट्यांचे उत्तरही ठरलेले असते, “जमीन बापाची आहे, दादाची नाही.” दोघेही खरे बोलतात, आणि म्हणूनच असे दावे पिढ्यान्‌पिढ्या चालतात.

चित्र साधारण असे असते. वडिलांनी कुणाच्या तरी लग्नासाठी किंवा दुष्काळात चार एकर ताबेगहाण ठेवलेले असतात. म्हणजे जमीन सावकाराने कसायची, पीक त्याने खायचे आणि मुद्दल मिळाले की शेत परत करायचे. वडील जातात. एक भाऊ मुंबईला गिरणीत, दुसरा शिकायला शहरात, बहीण सासरी. गावात राहिलेला थोरला बायकोच्या पाटल्या मोडतो, रक्कम भरतो आणि शेत सोडवतो. पुढची कित्येक वर्षे कुणी अवाक्षर काढत नाही. मग शेजारून रस्ता जातो, भाव एकराऐवजी गुंठ्यात बोलला जाऊ लागतो आणि वारसनोंदीचे अर्ज पडतात.

कायद्याने या भांडणाची वाट फार पूर्वी आखून ठेवली आहे. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे वारसांपैकी कुणीही एकटा गहाण सोडवू शकतो. पण सहसा सोडवायचे तर सगळे. आपल्यापुरते पैसे भरून आपला तुकडा तेवढा मोकळा करता येत नाही. थोरल्याला पूर्ण रक्कम उभी करावी लागते ती यामुळेच. मात्र पूर्ण रक्कम भरली म्हणून पूर्ण जमीन त्याची होत नाही. भावंडांच्या हिश्शापुरता तो सावकाराच्या जागी येतो. त्यांनी आपल्या वाट्याची रक्कम आणि रास्त खर्च द्यावा, त्याने हिस्सा मोकळा करावा. सातबारावर एकट्याचे नाव चढले म्हणून मालकी एकट्याची होत नाही, आणि एका हिस्सेदाराचा ताबा एरवी सर्वांच्या वतीनेच धरला जातो.

सावकाराची जागा हा शब्द महाराष्ट्रात हलका नाही. 1875 मध्ये सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले आणि ते लोण पुणे-नगर भागात पसरले. त्यानंतर आलेल्या 1879 च्या कायद्याने कोर्टाला कागदामागे जाऊन व्यवहाराचा खरा हिशेब तपासायची मुभा दिली. तेव्हा समोर परका माणूस होता. आता त्या जागी सख्खा भाऊ उभा असतो, आणि कागदामागचा हिशेब तपासायला घरातले कुणी पुढे येत नाही.

तो तपासायचा तर दोन्ही बाजूंनी तपासावा लागेल. थोरल्याने पैसे घातले, तसे भावंडांच्या हिश्शातले पीकही इतकी वर्षे घेतले. ते पदरात पाडून फक्त खर्चाची यादी वाचणे बरोबर नाही. उलट, धाकट्यांनी जुन्या काळचे दोन हजार रुपये भागिले चार, एवढे पाचशे पुढे करून आजचे लाखांचे शेत मागणे हेही बरोबर नाही. कोर्ट फार तर त्यावर व्याज लावेल. पण घरात बसून हिशेब करणाऱ्यांना रुपयांत अडकून पडायची गरज नाही. त्या वेळी चार तोळे सोने मोडले असेल, तर चार हिश्शांत प्रत्येकाच्या वाट्याला एक तोळा येतो. तोळा तोळ्याने फेडावा, आजच्या भावाने. रस्त्यामुळे वाढलेली जमिनीची किंमत थोरल्याच्या घामाची नाही, तशी सोन्याची वाढलेली किंमतही भावंडांनी बुडवण्याजोगी नाही.

आणि तो तोळा द्यायचा कुणाला? पाटल्या स्त्रीधन होत्या. दाव्यात वादी-प्रतिवादी म्हणून भावांची नावे असतात, जिच्या हातातून पाटल्या उतरल्या तिचे नाव फार तर साक्षीदारांच्या यादीत. परतफेड तिच्या हाती झाली, तर अर्धे भांडण तिथेच शमेल असे मला वाटते.

दुसरी बाई आणखी दूर असते. बहिणीला शेत सोडवताना कुणी विचारत नाही, आणि हिस्सा मागितला की मात्र “तिनं कुठं पैसे घातले?” असे सगळे भाऊ एकदिलाने म्हणतात. इथे गिरणीतला आणि गावातला एक होतात. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क दिला. तो जन्मापासूनचा आहे, त्यासाठी 2005 साली वडील हयात असण्याची अट नाही, हे 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. हक्क समान, तर भारही समान. पण भार उचलायला आधी बोलवावे लागते. दिवाळीला माहेरी आलेल्या बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवणाऱ्यांनी त्याआधी तिच्यापुढे कधी कर्जाचा कागद ठेवला होता का?

सावकार मागे पडले तरी प्रसंग गेलेला नाही. आज तो सातबाराच्या इतर हक्कांत बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा म्हणून दिसतो, आणि तो फेडायची वेळ बहुधा गावात राहणाऱ्यावरच येते. त्याने पैसे भरण्याआधी प्रत्येक वारसाला, बहिणीसकट, दोन ओळी लिहाव्यात: एवढी बाकी आहे, तुझ्या वाट्याला एवढी येते, जमत नसेल तर मी भरतो आणि ती तुझ्याकडून येणे धरतो. असे लिहिण्यात परकेपणा वाटतो, म्हणून कुणी लिहीत नाही. पण या संकोचापायी लिहिणे टाळले की पुढे उरतो तो वकिलांचा पत्रव्यवहार. पत्र मिळूनही जो वर्षानुवर्षे गप्प बसेल, त्याचा हिस्सा कायदा कदाचित शाबूत ठेवील. मात्र थोरल्याने ठरवलेल्या हिशेबावर खळखळ करण्याचा त्याचा नैतिक अधिकार निम्मा तरी संपलेला असेल.