लेकराच्या कपड्याची उलटी बाजू

लहान लेकराला कपडा घालायचा तो कोणासाठी? प्रश्न साधा वाटतो. कोणीही म्हणेल, लेकरासाठीच की. पण बारशाला जमलेल्या मंडळींकडे बघा, दुकानाच्या काचेत टांगलेल्या फ्रॉककडे बघा आणि मग पुन्हा उत्तर द्या. लेकराला रंग कळत नाही, किंमत कळत नाही, जरीची किनार कळत नाही. त्याला टोचलेलं कळतं, उकडलेलं कळतं, गार कळतं आणि ओलं कळतं. या चारी गोष्टी सांगायला त्याच्यापाशी एकच भाषा, रडणं. ज्याला निवडता येत नाही आणि तक्रारही धड करता येत नाही, त्याच्या वतीने आपण निवडत असतो. म्हणून हा प्रश्न मी बाजाराचा धरत नाही, न्यायाचा धरतो.

आमच्या शहापूर तालुक्यात माझ्या लहानपणी जन्मलेल्या पोराला लगेच नवं कापड घालत नसत. पाचवी पुजेपर्यंत तर नाहीच. आजीच्या नऊवारीचं जुनेर पेटीतून निघायचं. त्याचे लंगोट व्हायचे, दुपटी व्हायची, उरलेलं गोधडीच्या पोटात जायचं. अंगडं, टोपडं, कुंची हे सगळं बारशाला, बाळंतविड्यात. ज्या घरात आधीची पोरं जगली नव्हती, तिथं पाच घरचं कापड मागून आणत आणि पोराचं नाव दगडू नाहीतर धोंडू ठेवत. दगडधोंड्याला दृष्ट कशाला लागेल, असा हिशेब.

यात अंधश्रद्धा होती, नाही असं मी म्हणत नाही. पण आमची आय जुनेर निवडताना बघितलेली आहे. ती कापड आधी स्वतःच्या गालावर फिरवायची. मग ओठावर. "वटाला टोचंल ते पोराला टोचंल," असं म्हणायची. शंभर वेळा धुतलेल्या लुगड्यातली खळ गेलेली असते, कच्चा रंग गेलेला असतो, सूत मोकळं झालेलं असतं. नव्या कापडात खळ असते, रंगाचा आणि कारखान्यातल्या प्रक्रियेचा उरलासुरला अंश असतो. म्हणून आज डॉक्टरही सांगतात की नवा कपडा आधी धुवा, मग बाळाच्या अंगाला लावा. आयला कारण ठाऊक नव्हतं, गाल ठाऊक होता.

तरी जुनं ते सगळं सोनं, असं सांगायला मी बसलेलो नाही. जुनेर मऊ असायचं, पण ते दर वेळी स्वच्छ असेलच असं नव्हतं. अंधाऱ्या खोलीत, बाळंतिणीच्या बाजेखाली पडलेलं फडकं तसंच नाळेवर बांधलं जायचं. त्यातून धनुर्वात व्हायचा, पोर आठवड्यात आखडून जायचं आणि दोष सटवीच्या नावावर लिहिला जायचा. माणसं कापडाच्या जुनेपणाला मान देत होती आणि उकळलेल्या पाण्याला विसरत होती. प्रेम होतं, पण प्रेमाला पाण्याची आणि साबणाची जोड नव्हती. नुसत्या प्रेमाने लेकरू वाचत नाही, ही गोष्ट कडू असली तरी खरी आहे.

याची उलट बाजू गडचिरोलीत दिसली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचं काम उभं केलं. गावातल्याच बाया शिकवून तयार केल्या. त्या घरी जाऊन बाळाचं वजन करायच्या, ताप बघायच्या, जंतुसंसर्ग ओळखून औषध द्यायच्या आणि कमी वजनाचं बाळ उबदार कसं ठेवायचं ते आईला दाखवायच्या. तिसऱ्या वर्षापर्यंत तिथले नवजात मृत्यू साठ टक्क्यांहून जास्त घटले. १९९९ साली 'लॅन्सेट' या जगातल्या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. हे काही एकट्या कपड्याने झालं नाही. पण नवजात जिवाचं अंग गार पडू न देणं हे औषधाइतकंच मोलाचं असतं, हे त्यातून आमच्यासारख्यांना कळलं. बाळाला कोरडं पुसून गुंडाळणं, डोकं झाकणं, आईच्या उघड्या छातीशी धरणं, याला पैसा लागत नाही. लक्ष लागतं.

मग चांगला कपडा कोणता? शिकलेल्या घरातही हे विचारतात, म्हणून सांगतो. सुती असावा, सैल असावा. गळ्याशी लांब नाडी नसावी; कुंचीचा बंद मिरवण्यापुरता ठीक, पण झोपताना कुंची काढून ठेवावी, बंद गळ्याभोवती आवळू शकतो. सुटणारी बटणं आणि टिकल्या नसाव्यात, त्या तोंडात जातात. कपडे मोठ्यांच्या मळक्या कपड्यांत न मिसळता धुवावेत, साबण पुरा निघेपर्यंत दोनदा-तीनदा खळबळावेत, उन्हात कडकडीत वाळवावेत. आणि पेटीत ठेवताना डांबराच्या गोळ्या टाकू नयेत. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच एक कमतरता असते; त्या गोळ्यांच्या वासाने त्यांच्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ चढते. बाहेरून बघून असं बाळ ओळखता येत नाही. त्यापेक्षा सुकवलेला कडुलिंबाचा पाला बरा. थोरल्याचे कपडे धाकट्यासाठी पेटीत जपून ठेवणं हे आपल्याकडे चांगलंच मानतात. पण जपण्याच्याच नादात इजा होऊ शकते, म्हणून एवढं लांबवलं.

या सगळ्यातून मी एक साधी परीक्षा काढली आहे. कपडा विकत घेताना उलटा करून बघायचा. सुलटी बाजू लोकांसाठी असते. तिथं हत्ती असतो, फूल असतं, चमक असते. उलटी बाजू लेकरासाठी असते. तिथं शिवण असते, गाठ असते, भरतकामाचे टोकेरी धागे असतात. सुलटी बाजू सुरेख आणि उलटी बाजू खरखरीत असेल, तर तो कपडा लेकरासाठी शिवलेलाच नाही. ते आपल्या हौसेचं ओझं आहे, आपण ते त्याच्या अंगावर टाकतो. हौस वाईट नाही. गरिबाघरची आई चार पैसे जमवून एखादं झबलं घेते, त्यात तिचा केवढा जीव असतो. फोटोपुरतं घालावं आणि काढून ठेवावं. पण पोर घामाने चिंब झालेलं असताना "अजून पाहुणे यायचेत" म्हणून ते अंगावर ठेवणं, इथं हौसेची हद्द संपते.

इथवरचं सगळं घराच्या आतलं झालं. आई शहाणी असली, घरचे ऐकणारे असले, की निभतं. मलाही बरीच वर्षं वाटे की हा विषय इथंच संपतो. तो संपत नाही, हे माहुलला कळलं.

माझी एक पुतणी लग्न होऊन मुंबईत गेली. तिचं घर तानसाच्या पाइपलाइनला लागून होतं. तानसा धरण आमच्याच तालुक्यातलं, १८९२ सालचं. आमच्या डोंगरातलं पाणी लोखंडी नळातून मुंबईला जातं आणि आमचे काही पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. पण ते दुखणं वेगळं. पाइपलाइनच्या दोन्ही बाजूंची जागा सुरक्षिततेसाठी मोकळी करायची, असा न्यायालयाचा हुकूम होता. त्यात हजारो घरं गेली आणि बऱ्याच कुटुंबांना माहुलच्या ७२ इमारतींच्या वसाहतीत खोल्या मिळाल्या. पुतणीलाही मिळाली. पक्की भिंत, नळ, संडास. कागदावर बघितलं तर झोपडीपेक्षा चांगलंच.

माहुल हे मुळात कोळ्यांचं, आगरी माणसांचं जुनं गाव. खाडी, मिठागरं, हिवाळ्यात चिखलावर उतरणारे रोहित पक्षी. १९५० नंतर तिथं तेल शुद्ध करण्याचे कारखाने आले, मग टाक्या आल्या, खत आलं, वीज आली. २०१५ साली माहुल आणि आंबापाड्याच्या गावकऱ्यांच्या तक्रारीवर राष्ट्रीय हरित लवादाने निकाल दिला आणि तिथल्या हवेपासून रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे, असं नोंदवलं. त्यानंतरही तिथं माणसं पाठवली गेली.

२०१८ साली पुतणी बाळंत झाली. मी घरचं सुती जुनेर पिशवीत घालून भेटायला गेलो. तिने लेकराचं सगळं आयने शिकवल्यासारखं ठेवलं होतं. लंगोट वेगळे, दुपटी वेगळी, पाणी उकळलेलं. पण दोरी घरात, पंख्याखाली. मी म्हटलं, "बाय, पोराच्या कपड्याला ऊन दाखवावं. पंख्याने कुबट राहतात."

ती म्हणाली, "तात्या, बाहेर टाकले तर वास धरतात. वाळल्यावर झटकले तर हाताला काळं लागतं. दोनदा धुवायचे, पुन्हा तेच. मग ऊन दाखवू की वास?"

मी काही बोललो नाही. साठ वर्षांत ऊन म्हणजे औषध, एवढंच मी शिकलो होतो. आता उन्हातच खोट असेल तर सांगायचं काय?

त्या मुलीचं काही चुकत नव्हतं. ती कपडा गालावर फिरवत होती, दोनदा खळबळत होती, नाडी कापून टाकत होती. कपड्याची उलटी बाजू तिने सांभाळली होती. पण लेकराच्या अंगाला कपड्याच्या आधी हवा लागते, आणि हवा कुठल्या दुकानात निवडून मिळत नाही. आईची काळजी दोरीपर्यंत पोचते. दोरीच्या पलीकडे काय आहे ते तिच्या हातात नसतं, दुसऱ्या कोणाच्या तरी हातात असतं.

कोणी म्हणेल, मग तिथं राहायचं कशाला? हे म्हणणाऱ्याच्या खिशात दुसऱ्या घराचं डिपॉझिट असतं. कोणी म्हणेल, मुंबईत हवा कुठे चांगली आहे? खरं आहे. पण सगळ्यांना थोडा त्रास आहे म्हणून काहींना जास्त द्यावा, असा न्याय मी कुठल्या कीर्तनात ऐकला नाही. आणि कोणी म्हणेल, कारखाने बंद करायचे का? तसं मी म्हणणार नाही. माझ्या घरात गॅसची शेगडी आहे, भाताच्या चिखलणीला पॉवर टिलर आहे, त्याला डिझेल लागतं. तो माल कुठेतरी तयार होतो आणि जिथं तयार होतो तिथं कोणाचं तरी पोर पाळण्यात असतं. आपल्या सोयीची सुलटी बाजू आपल्या घरात आहे आणि तिची शिवण तिकडे टोचते आहे. हे कळलं म्हणून मी शेगडी फेकून देणार नाही. पण मग धुराची गाळणी बसवायला, टाक्यांची झाकणं घट्ट करायला, तिथल्या मापांचे आकडे लोकांना दाखवायला जो खर्च येतो, तो "उगाच" आहे असं म्हणण्याचा हक्क मला उरत नाही. कारखान्याला तर अजिबात नाही.

२०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की या कुटुंबांना माहुलला जाण्याची सक्ती करू नये, दुसरीकडे राहायला भाडं द्यावं. पुतणी पुढे भाड्याने बाहेर पडली. तिच्यापुरता प्रश्न हलला. पण सगळेच बाहेर पडले नाहीत. आणि जे मूळ माहुल गावचेच आहेत, कारखान्यांच्या आधीपासूनचे, त्यांना कोण कुठे हलवणार? त्यांच्या घरी बारशी होतातच, दोऱ्यांवर दुपटी पडतातच.

आता आमच्या गावातही जुनेर मिळत नाही. बायकांच्या साड्या पॉलिस्टरच्या झाल्या; त्या विटत नाहीत, विरत नाहीत आणि घामही शोषत नाहीत. त्यामुळे लेकराचा कपडा दुकानातूनच येणार. त्याचं मला वाईट वाटत नाही, सुती आणि साधा बघून घेतला म्हणजे झालं. वाईट दुसऱ्याच गोष्टीचं वाटतं. पाच घरचं कापड मागून आणण्याच्या रिवाजात दृष्टीची भीती होती, ती गेली ते बरं झालं. पण त्यात आणखी एक गोष्ट होती. ज्या घरात मूल वाचत नाही त्याचं दुःख एका घराचं ठेवायचं नाही, पाच घरांनी आपल्या अंगावरचं थोडं फाडून द्यायचं. देणाऱ्याला ते पोर जगलं की नाही याची मग चौकशी करावीच लागे. कापड दिलं म्हणजे नातं लागलं.

हवेचं तसंच धरावं असं मला वाटतं. माहुलच्या लेकराच्या दोरीवर जे काळं बसतं, त्यात पाच काय, पाच लाख घरांचं काहीतरी आहे. दिलेलं जुनेर असो की दिलेली काजळी, चौकशी करणं देणाऱ्याला भागच आहे.