काफिल्यातील शेवटचा माणूस



अल्लाहचे अंतिम प्रेषित हजरत मुहम्मद (स.) प्रवासाहून परतताना जी दुआ करीत, तिच्यात चार शब्द येतात. त्यांचा आशय असा : आम्ही परतणारे आहोत, तौबा करणारे आहोत, इबादत करणारे आहोत आणि आमच्या पालनकर्त्याची स्तुती करणारे आहोत. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत ही दुआ नोंदविली आहे. आपल्यापैकी पुष्कळांना ती पाठ असेल. परंतु या चारही शब्दांचे एक वैशिष्ट्य सहसा आपल्या ध्यानात येत नाही. ते सर्व अनेकवचनी आहेत. ‘मी परतलो’ असे त्यांत नाही, ‘आम्ही परतत आहोत’ असे आहे. या अनेकवचनाचा अर्थ मला उतारवयात, नागपूरच्या मिहानमध्ये, एका संध्याकाळी कळला. तो प्रसंग आज सांगावयाचा आहे.

शाबान महिना संपत आला होता. आमच्या मोहल्ल्यातील ११ तरुणांनी डोंगरी सायकलींवरून मेळघाट ते नागपूर असा प्रवास करण्याचे ठरविले. कोणी महाविद्यालयात शिकणारा, कोणी मिहानमधील कंपनीत कामाला जाणारा, तर सर्वांत धाकटा अवघा १६ वर्षांचा. धारणीहून निघून सेमाडोह, चिखलदरा, परतवाडा, मोर्शी, वरूड, काटोल आणि कोंढाळी असा सुमारे ३०० किलोमीटरचा मार्ग त्यांनी चार दिवसांत कापावयाचा होता. वाटेत सागाची आणि सालईची जंगले, घाटातील चढ, पुढे संत्र्यांचे मळे आणि फुलू लागलेले पळस. नमाजची वेळ झाली की सायकली झाडाला टेकवून ही मुले जमाअतने नमाज अदा करीत. मोबाइलवर आलेल्या छायाचित्रांत त्यांची सफ सरळ दिसे, खांद्याला खांदा लागलेला दिसे. ती पाहून आम्हा वडीलधाऱ्यांची मने भरून येत.

चौथ्या दिवशी सायंकाळी प्रवासाची सांगता मिहानच्या रुंद रस्त्यावर व्हावयाची होती. आम्ही खापरीजवळ हार आणि खजूर घेऊन उभे होतो. सूर्य कलला तशी पहिली सायकल दिसली, मग दुसरी, मग एकदम चार-पाच. टाळ्या वाजल्या, हार पडले, छायाचित्रे निघाली. मला दोन शब्द बोलण्याचा आग्रह झाला आणि मी मुलांच्या जिद्दीवर बोलू लागलो. तेवढ्यात मागे उभ्या असलेल्या एका भगिनीने हळू आवाजात विचारले, “मौलवीसाहेब, माझा मुलगा यांच्यात दिसत नाही. तो कुठे आहे?”

आम्ही मोजले. दहा होते. अकरावा, सर्वांत धाकटा, आला नव्हता. प्रत्येकाला वाटले होते की तो दुसऱ्या कोणाबरोबर आहे. कोंढाळीहून हिंगण्याकडे येणाऱ्या जंगलालगतच्या रस्त्यावर त्याच्या सायकलची साखळी तुटली होती आणि त्याच्या मोबाइलची बॅटरी संपली होती. पुढच्यांना मिहान दिसू लागले होते, म्हणून कोणी मागे वळून पाहिले नव्हते. तो परिसर २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित झालेल्या बोरच्या जंगलापासून दूर नाही. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये तर खुद्द मिहानच्या आवारात वाघ दिसला होता, हे त्या मातेलाही ठाऊक होते.

मुलगा इशाच्या सुमारास पोहोचला. गुरे घेऊन घरी परतणाऱ्या एका वृद्ध गुराख्याने त्याला रस्त्याच्या कडेला बसलेला पाहिले. त्याला पाणी दिले, सायकल स्वतः ढकलत गावापर्यंत आणली, घरच्यांना फोन करविला आणि भाजीच्या टेम्पोत जागा मिळवून दिली. त्याने मुलाला जात विचारली नाही की धर्म विचारला नाही. अल्लाहची कृपा की मुलगा सुखरूप होता. परंतु त्या दीड-दोन तासांत त्याच्या आईच्या मुखावर जे मी पाहिले, ते मी विसरू शकत नाही. दोष केवळ मुलांचा नव्हता. त्यांच्या स्वागतासाठी हार मोजून आणणाऱ्या आम्ही मुले मोजली नव्हती. टाळ्या वाजविणाऱ्यांत मीही होतो.

त्या रात्री मला हजरत जाबिर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांचा प्रसंग आठवला. एका मोहिमेवरून मुस्लिमांचा काफिला मदीनेकडे परतत होता. जाबिर (रजि.) यांचा उंट थकला होता आणि ते सर्वांच्या मागे पडले होते. सेनापती, शासक आणि प्रेषित असलेले हजरत मुहम्मद (स.) काफिल्याच्या अग्रभागी नव्हते. ते मागून आले, त्यांनी विचारपूस केली, उंटाला काठीने डिवचले, दुआ केली आणि उंट चालू लागला. मग ते जाबिर (रजि.) यांच्याशी घरच्या गोष्टी बोलत राहिले. विवाह झाला का, कोणाशी झाला, हे त्यांनी विचारले. जाबिर (रजि.) यांचे वडील उहुदच्या लढाईत शहीद झाले होते आणि बहिणींची जबाबदारी या तरुणावर होती. त्या बहिणींना सांभाळील अशी प्रौढ स्त्री आपण पत्नी म्हणून निवडली, असे त्यांनी सांगितले. प्रेषितांनी (स.) त्यांचा उंट विकत घेतला आणि मदीनेपर्यंत त्यावरूनच येण्याची मुभा दिली. मदीनेत जाबिर (रजि.) मशिदीच्या दाराशी आले तेव्हा प्रथम दोन रकअत नमाज अदा करण्यास सांगितले, ठरल्यापेक्षा थोडी अधिक किंमत चुकती केली आणि उंटही परत दिला. मागे राहिलेल्या तरुणाचा मान राखून त्याला मदत करण्याची ही किती सुंदर रीत!

हा एखाद्या दिवसाचा योगायोग नव्हता. अबू दाऊद यांच्या संग्रहात जाबिर (रजि.) यांच्याच कथनानुसार, प्रेषित (स.) प्रवासात मागे राहत, दुर्बळांना पुढे हाकत, पायी चालणाऱ्याला आपल्यामागे वाहनावर बसवीत आणि त्यांच्यासाठी दुआ करीत. त्याच संग्रहातील दुसऱ्या हदीसनुसार तिघे प्रवासास निघाले तर त्यांनी एकाला अमीर नेमावे. या दोन्ही हदीस एकत्र वाचल्या म्हणजे अमीर कशासाठी असतो ते कळते. वाट दाखविणे हे त्याचे अर्धे काम आहे. कोणी वाटेत राहिला नाही ना, हे पाहणे हे उरलेले अर्धे.

हीच शिकवण मशिदीतही आहे. जमाअतचे नेतृत्व करणाऱ्या इमामाने नमाज लांबवू नये, कारण मागे दुर्बळ, आजारी व वृद्ध माणसे असतात, अशी प्रेषितांची (स.) ताकीद होती. हजरत उस्मान बिन अबिल आस (रजि.) यांना इमाम नेमताना, जमाअतमधील सर्वांत दुर्बळ व्यक्तीचे भान ठेवून वाग, असे त्यांनी सांगितले. म्हणजे जमाअतची गती सर्वांत बलवान माणूस ठरवीत नाही. ती सर्वांत अशक्त माणूस ठरवितो. आमच्या मुलांची सफ जंगलात नमाजच्या वेळी सरळ होती, पण सलाम फिरवून सायकलवर बसताच ती मोडली. सफ केवळ चटईवर असते, असा आमचा समज झाला होता.

सायकलस्वारीची जाण असलेली माणसेही याहून वेगळे सांगत नाहीत. लांब पल्ल्याच्या ‘ब्रेव्हे’ नावाच्या प्रवासांत २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास, ३०० साठी २० तास आणि ६०० साठी ४० तास मुदत असते. तेथे क्रमांक दिले जात नाहीत. मुदतीत पोहोचलेला प्रत्येक जण यशस्वी समजला जातो. अमेरिकेचा एक किनारा ते दुसरा किनारा अशी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये दोघांचा संघ करून पूर्ण केली. एक विसावा घेई तेव्हा दुसरा पायडल मारी आणि वेळ मोजली जाई ती दोघांची मिळून. २०१७ मध्ये आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत १२ दिवसांच्या मुदतीत एकट्याने पूर्ण केली. पण एकट्याने धावणाऱ्याच्या पाठीमागेही रात्रंदिवस साथीदारांची गाडी असते. जाणते सायकलस्वार गटाने निघतात तेव्हा एक अनुभवी माणूस मुद्दाम सर्वांच्या मागे ठेवतात. त्याच्या पुढे सर्व असतात, मागे कोणी नसते. तो पोहोचला म्हणजे सर्व पोहोचले.

बंधू-भगिनींनो, आता आपल्या घराकडे पाहू या. प्रत्येक कुटुंब हा एक काफिला आहे. त्यात कोणी अभ्यासात मागे पडलेला मुलगा असतो. त्याच्यासमोर आपण हुशार भावाचे गुण वाचून दाखवितो. कोणी कानांनी अधू झालेले आजोबा असतात, ज्यांना जेवणाच्या दस्तरख्वानवर काय बोलणे चालले आहे ते समजत नाही. कोणी लहान वयात शाळा सोडावी लागलेली बहीण असते. कोणी नमाजपासून दुरावलेला भाऊ असतो, ज्याला आपण टोमणे देतो, पण ज्याच्या शेजारी चार पावले चालत नाही. जाबिर (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) मागे राहिल्याबद्दल दोष दिला नाही. त्यांनी उंट चालता केला आणि सोबत केली.

रमजानचा प्रवासही असाच आहे. पहिल्या आठवड्यात मशिदी भरतात, पुढे सफा विरळ होत जातात. जे शेवटपर्यंत टिकतात, त्यांनी आपल्या टिकून राहण्याचा अभिमान बाळगू नये. गळालेल्यांच्या दारावर थाप द्यावी. शरीअतने या महिन्याची सांगता कशी योजिली आहे, तेही पाहावे. सदका-ए-फित्र हा लहान-मोठ्या, स्त्री-पुरुष सर्वांच्या वतीने द्यावयाचा आहे आणि लोक ईदच्या नमाजला निघण्यापूर्वी तो पोहोचविण्याची आज्ञा आहे. म्हणजे गरिबाच्या घरी चूल पेटल्यावाचून आपली ईद सुरू होत नाही. शेवटचा माणूस येईपर्यंत काफिल्याने मुक्काम गाठला, असे इस्लाम मानत नाही.

त्या मातेची मी दुसऱ्या दिवशी क्षमा मागितली. दहाही मुले आपापल्या वडिलांसह धाकट्याच्या घरी गेली. नंतर ती सर्व त्या गुराख्याच्या गावी गेली. त्याने पैसे घेतले नाहीत, चहा मात्र पाजला. मुलांनी आता ठरविले आहे की पुढील प्रवासात अमीर सर्वांच्या मागे राहील, प्रत्येक थांब्यावर मोजणी होईल आणि अकरावा आल्यावाचून कोणी हार घालून घेणार नाही. मग सर्वांनी मिळून जवळच्या मशिदीत दोन रकअत नमाज अदा करावयाची, कारण प्रवासाहून परतल्यावर प्रथम मशिदीत जाणे ही प्रेषितांची (स.) रीत होती.

सूरह अश्-शर्ह (९४ : ७-८) मध्ये अल्लाह आपल्या प्रेषितांना सांगतो की एका कार्यातून मोकळे होताच पुन्हा परिश्रमाला लागावे आणि आपल्या पालनकर्त्याकडेच ओढ ठेवावी. मुक्कामावर लवकर पोहोचलेल्यासाठी असा परिश्रम दूर शोधावा लागत नाही. तो त्याच्या पाठीमागे, त्याने नुकत्याच सोडलेल्या वाटेवर बसलेला असतो.

हे अल्लाह! आम्हाला एकमेकांना मोजण्याची आणि मागे वळून पाहण्याची बुद्धी दे. आमच्यातील जो थकला आहे त्याला बळ दे आणि जो पुढे आहे त्याला नम्रता दे. आम्हा सर्वांना तुझ्याकडे परतणारे, तौबा करणारे, तुझी इबादत आणि तुझी स्तुती करणारे बनव, आणि आमच्यापैकी एकालाही वाटेत राहू देऊ नकोस. आमीन.