ट्रकच्या मापाचा कपडा

मोठ्या माणसांच्या डायपरचं दहाचं पाकीट कात्रीने कापलं की ते फसकन फुगतं. एक डायपर काढून घेतला आणि उरलेले पुन्हा आत नीट बसवायला गेलं तर बसत नाहीत. इतके ते दाबून भरलेले असतात. बाहेर काढलेला डायपर तीन घड्यांत चपटलेला असतो, मांडीच्या बाजूचे इलॅस्टिक आतल्या अंगाला दुमडून चिकटलेले असतात आणि मधल्या शोषक गादीवर घडीची कडक आडवी रेघ उठलेली असते. बहुतेक घरांत तो याच अवस्थेत म्हाताऱ्या माणसाच्या कमरेखाली सरकवला जातो. टेप ओढून लावल्या की काम झालं. कारखान्यातून निघताना हा कपडा ट्रकच्या मापाचा केलेला होता, तो माणसाच्या मापाचा करायचं शेवटचं काम अजून बाकी आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानातही येत नाही.

दाबून भरण्यात लबाडी नाही. गादीतला लाकडाचा पिंजलेला लगदा मोकळा ठेवला तर त्यात निम्म्याहून जास्त हवाच असते, आणि हवेचं भाडं कोण भरणार? दाबल्यामुळे एका ट्रकमध्ये जास्त पाकिटं बसतात, मेडिकलवाल्याच्या फळीवर जागा कमी लागते, आणि सत्तरीच्या आजींना आजोबांसाठी महिन्याचा माल रिक्षातून घरी आणता येतो. म्हणजे दाबण्याचा फायदा कंपनीला, वाहतूकदाराला, दुकानदाराला आणि थोडाफार गिऱ्हाइकालाही होतो. राहतो तो फक्त वापरणारा. आणि या सगळ्या साखळीत पाकीट विकत घेणारा आणि डायपर घालणारा ही दोन वेगळी माणसं असतात, हे विसरून चालत नाही.

डायपर एवढा पातळ होऊ शकला तो एका पांढऱ्या रवाळ पदार्थामुळे, सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटमुळे. 1980च्या दशकात तो डायपरांत रुळला. त्याआधी सगळा भार लगद्यावर होता आणि डायपर जाडजूड असत. हा पदार्थ शुद्ध पाणी आपल्या वजनाच्या शेकडो पट शोषतो, पण लघवीत क्षार असल्यामुळे तिथे ही मजल तीस-चाळीस पटींच्या आसपास थांबते. फुगलेल्या जेलवर चिमूटभर मीठ टाकलं तर ते पाणी सोडू लागतं, हे घरी करून बघता येतं. मात्र हा पदार्थ सावकाश पितो. धार एकदम येते. तेव्हा ती पहिल्या काही सेकंदांत झेलायची आणि गादीभर पसरवायची, हे काम वरच्या थराचं आणि लगद्याचं. घडीत गच्च दबून राहिलेला लगदा हे काम अडखळत करतो, आणि दुमडून चिकटलेल्या कडा उभ्याच राहिल्या नाहीत तर लघवी मांडीवरून सरळ चादरीवर येते. घरात मग वाक्य ऐकू येतं, ‘ही कंपनी काही चांगली नाही.’ पुष्कळदा कंपनीचा काही दोष नसतो.

नर्सिंग ब्युरोकडून बारा तासांच्या ड्युटीवर येणाऱ्या एका मावशींना डायपर मोकळा करताना मी नीट पाहिलं आहे. दुपारी जेवणं आवरली की त्या रात्रीचे दोन डायपर पाकिटातून काढून कपाटात धुतल्या चादरीवर उलगडून ठेवत. दोनच. पावसाळ्यात सगळं पाकीट उघडं टाकायचं नाही, हवेतली ओल डायपर कोरडेपणीच पिऊन बसतो, असं त्यांचं म्हणणं, आणि ते बरोबर आहे. वापरायच्या वेळी हात धुऊन, पुसून, डायपरची पुढची आणि मागची कड धरून तो लांबीत हलकेच ताणायचा, इलॅस्टिकला हिसका न देता. मग दोन्ही टोकं धरून एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला जरासा पीळ द्यायचा आणि झटकायचा. गादी बाहेरच्या बाजूने तळहाताने थोपटायची. आत बोटं घालायची नाहीत, कणकेसारखी मळायची तर मुळीच नाही, कारण मळली की आतला रवा एका कोपऱ्यात जमतो आणि मध्ये पोकळ राहते. नंतर आतल्या दोन उभ्या झालरी तर्जनीने सोडवून ताठ करायच्या आणि शेवटी डायपर लांबीत दुमडून त्याला खोलगट आकार द्यायचा. ‘काका, जरा कूस वळा हं माझ्याकडं,’ एवढं बोलून तो पुढून मागे सरकवला की मांडीभोवती बोट फिरवून बाहेरच्या झालरी मोकळ्या करायच्या. खालच्या टेप आधी, किंचित वरच्या दिशेने, वरच्या मागाहून, किंचित खालच्या दिशेने. सगळ्याला मिनिटभरही लागत नसे.

हे त्या कोणत्या वर्गात शिकल्या नव्हत्या. दुसऱ्या मावशींकडून शिकल्या होत्या, त्या तिसऱ्यांकडून. ब्युरोच्या दरपत्रकात ‘डायपर बदलणे’ असतं, मोकळा करणे नसतं, आणि पगारात त्याचा पैसा धरलेला नसतो. घरातल्या सुनेच्या किंवा बायकोच्या वाट्याला हे काम येतं तेव्हा तर त्याची मोजदादच होत नाही. शुश्रूषेतलं कौशल्य बहुतेक असंच असतं. ते असतं तेव्हा दिसत नाही. नसतं तेव्हा जांघेत पुरळ दिसतं.

मला जास्त खटकतं ते वेगळंच. आपण डायपरला कपडा मानतच नाही. एक तर ती लाज असते, नाहीतर सोय. लाज म्हणून तो मेडिकलमध्ये आवाज उतरवून मागायचा आणि काळ्या पिशवीत घालून आणायचा. सोय म्हणून एकदा बांधला की सकाळपर्यंत विसरायचा. दोन्हींत तो काचतो का, असा प्रश्नच येत नाही. सदरा काखेत तंग झाला तर आपण शिंप्याला पाच वेळा फेऱ्या मारायला लावू. अंतराळवीरांचं उदाहरण घ्या. अमेरिकेचे अ‍ॅलन शेपर्ड 5 मे 1961 रोजी पंधरा मिनिटांच्या अंतराळ उड्डाणासाठी निघाले, तेव्हा उड्डाणाआधी यानात अडकून तासन्‌तास थांबावं लागेल याचा विचार कोणी केला नव्हता. शेवटी त्यांना पोशाखातच लघवी करावी लागली. पुढे यावर संशोधकांनी डोकं चालवलं, आणि आज अंतराळवीर यानाबाहेर काम करायला जाताना बिनदिक्कत डायपर घालतात. तो त्यांच्या पोशाखाचा भाग आहे, कोणी हसत नाही. आपल्याकडे आजोबा नातवाच्या लग्नाला जायचं टाळतात, कारण बसल्यावर डायपरचा कुरकुर आवाज होतो, आणि तो मागून फुगलेला दिसेल अशी धास्ती असते. अशा वेळी आदल्या दिवशी मोकळा करून ठेवलेला, मापात बसणारा डायपर धोतराखाली किंवा सैल पँटखाली फारसा कळत नाही. आजोबांना लग्नाला नेण्यासाठी एवढंच पुरलं असतं, असं कधीकधी वाटतं.

इथे एक आक्षेप रास्त आहे, आणि तो मी स्वतःच घेईन. डायपर मऊ कसा करावा याची चर्चा करण्याआधी तो लागतो का, हे विचारायला हवं. लघवीवर ताबा न राहणं म्हणजे वय झालं, असं धरून चालणं चूक आहे. प्रोस्टेट, मूत्रमार्गाचा संसर्ग, अनियंत्रित मधुमेह, एखादी गोळी, बायकांमध्ये ओटीपोटाच्या तळाचे सैल झालेले स्नायू, अशी कारणं असू शकतात आणि त्यांतल्या बऱ्याच कारणांवर उपाय असतो. शिवाय आधार दिला तर संडासापर्यंत चालत जाऊ शकणाऱ्या माणसाला, उठवायचा कंटाळा म्हणून, ‘त्यातच करा’ म्हणणं हा त्याच्यावर केलेला अन्याय आहे. ठरावीक वेळाने नेत राहिलं तर पुष्कळांचे दिवस कोरडे जातात. ज्यांचे जात नाहीत, त्यांच्यासाठी हा लेख.

खर्चाची गोष्ट टाळता येत नाही. तीस रुपयांच्या हिशेबाने दिवसाला तीन-चार म्हणजे शंभराच्या आसपास. सप्टेंबर 2025मध्ये डायपरवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5वर आला, तेवढाच दिलासा. मग काटकसरीच्या युक्त्या निघतात. एक म्हणजे तो जड होऊन लोंबेपर्यंत ठेवणं. दुसरी म्हणजे रात्री एकावर एक दोन चढवणं. दुसरी युक्ती तर निव्वळ पैसे पाण्यात घालणारी आहे: आतल्या डायपरची पाठ पाणी न जाऊ देणारी असते, त्यामुळे बाहेरचा कोरडाच राहतो आणि दोघांच्या मध्ये माणूस उकडून निघतो. खोबरेल तेल किंवा दाट मलम भरपूर चोपडणं ही तिसरी. वरच्या थराची छिद्रं त्याने बुजतात; पातळसा हात पुरे. पावडर तर ओलीत गोळे धरते.

2011च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढची माणसं 9.9 टक्के होती, देशात 8.6. जपानमध्ये ओजी होल्डिंग्जने 2024मध्ये देशातलं बाळांच्या डायपरचं उत्पादन थांबवून मोठ्यांच्या डायपरकडे लक्ष वळवायचं जाहीर केलं. आपल्याकडे ते दिवस दूर आहेत, पण पुष्कळ घरांतल्या मेणकापडाची जागा डायपरने केव्हाच घेतली आहे. मी पाहिलेल्या पाकिटांवर तो कसा बांधायचा याची तीन-चार चित्रं असतात. उलगडा, मोकळा करा, कडा उभ्या करा, असं पहिलं चित्र मात्र दिसलं नाही. शाई तेवढीच लागेल.

बोलू शकणाऱ्या माणसाला ‘कुठं काचतंय का?’ असं विचारता येतं. ज्यांना बोलता येत नाही, त्यांच्या बाबतीत बांधल्यावर तासाभराने टेप सोडून जांघ आणि माकडहाडाची जागा बघावी. गोऱ्या कातडीवर लाल खूण दिसते आणि बोटाने दाबल्यावर ती फिकी पडली नाही तर डॉक्टरांना दाखवायची ती वेळ; सावळ्या कातडीवर रंग फसवतो, तिथे हाताला गरम किंवा घट्ट लागतंय का ते पाहावं. नुसता इलॅस्टिकचा वळ असेल तर टेप एक बोटभर सैल करावी, तरी उठला तर माप बदलावं. गळू नये म्हणून मोठं माप घेण्यात अर्थ नसतो, सैल मांडीतूनच आधी गळतं. कंबर आणि नितंब, दोन्हीकडे टेपने मोजून जे जास्त भरेल ते धरावं. काही मेडिकलवाले मागितलं तर सुटे एक-दोन देतात; अख्खं पाकीट घेण्याआधी ते घालून बघावेत.