नाणं सापडलं कुठे?

बार्शीतल्या एखाद्या जुन्या व्यापाऱ्याच्या तिजोरीतून चारमिनार छापलेला चांदीचा रुपया निघाला, तर त्यात नवल काही नाही. बार्शी इंग्रजी मुलखात आणि पूर्वेला थोडं गेलं की निजामाची हद्द सुरू, अशी एके काळची स्थिती. मोगलाईतला माल इथल्या पेठेत यायचा, त्यामागोमाग निजामाचा हाली शिक्काही यायचा. १०० इंग्रजी कलदार रुपयांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, असा त्याचा ठरलेला दर. चारमिनारच्या कमानीत ‘मीम’ हे अक्षर असेल तर रुपया महबूब अली खानाचा, ‘ऐन’ असेल तर उस्मान अली खानाचा. ही खूण सांगणारं पुस्तक पन्नास वर्षं जुनं असलं तरी चालतं. शिळे होतात ते त्यातले भाव, आणि नेमके तेवढेच बघून लोक पुस्तक रद्दीत घालतात.

बार्शीहून तेर फार लांब नाही. पेरिप्लस या प्राचीन ग्रीक सागरी मार्गदर्शिकेतलं तगर ते हेच. इथल्या पांढरीतून निघालेल्या वस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांनी हौसेनं जमवल्या आणि आज त्यांच्या नावाचं सरकारी संग्रहालय गावात उभं आहे. तिथे मिळणारी सातवाहनांची नाणी बहुधा शिशाची किंवा पोटिन या मिश्रधातूची, नखाएवढी. राजाचं नाव कडेनं कोरलेलं, पण ठसा नाण्यापेक्षा मोठा, त्यामुळे निम्मी अक्षरं बाहेरच राहतात. उरलेल्या दोन-तीन ब्राह्मी अक्षरांवरून राजा ओळखायचा, तर तोच ठसा दुसऱ्या नाण्यावर कुठे पूर्ण उमटलाय का, हे शोधावं लागतं. रॅप्सननं ब्रिटिश म्युझियमसाठी केलेली १९०८ची सूची त्यासाठी आजही उघडावी लागते. तीत चुका आहेत, उणिवाही आहेत. १९३९मध्ये वऱ्हाडात तऱ्हाळ्याला सातवाहन नाण्यांचा साठा सापडला, संशोधक वा. वि. मिराशींनी तो वाचला आणि कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी अशी पुराणांतल्या राजांच्या यादीत नसलेली नावं पुढे आली. ती रॅप्सनकडे असणार कुठून? पण चित्रं खोटी ठरली नाहीत.

माझ्या मते या पुस्तकांचं खरं मोल मात्र आणखी वेगळं आहे: नाणं कुठे आणि कोणत्या नाण्यांसोबत सापडलं, याची नोंद. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. १३,००० हून अधिक नाणी, सगळी क्षत्रप नहपानाची, आणि त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारलेला. रेव्हरंड स्कॉट यांनी तो तपासून त्याचा अहवाल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात छापला. नहपानाची सत्ता कुणी मोडली, हे त्या मोजणीतून पक्कं झालं. तीच नाणी आधी सराफांकडे सुटी सुटी गेली असती, तर? मोडीचा भाव आला असता, इतिहास आला नसता. आज त्यातलं एखादं नाणं कुणाच्या हाती आलं, तर त्याचे सोबती कोण होते हे त्या जुन्या छापील पानांतच वाचावं लागतं.

नकली नाणी पाडणारेही हीच पुस्तकं वापरतात, हे विसरून चालत नाही. शिवरायांचा होन पुस्तकातल्या चित्राशी हुबेहूब जुळला की मला आधी शंका येते.

रॅप्सन आता संगणकावर फुकट वाचायला मिळतो. मिळत नाहीत ती एखाद्या संग्राहकाच्या स्वतःच्या प्रतीतली पेन्सिलची टिपणं: हे नाणं वैरागच्या बाजारात घेतलं, हे तेरच्या शेतातलं, ही दोन एकाच गाडग्यातली. तो माणूस गेला की घरचे नाणी व्यापाऱ्याला देतात आणि पुस्तकं रद्दीवाल्याला. असा संग्रह विकत घेताना पुस्तकं आणि वह्याही मागून घ्याव्यात. दोन-चारशे रुपये जास्त पडतील, एवढंच.